घरात लहान मुलं आणि नाताळाचं जेवण: या चुका टाळा

डिसेंबर लागला की नात्यातल्या, चर्चमधल्या नव्या आयांचे फोन सुरू होतात. "अक्का, एका तासात होईल असं काहीतरी सांगा." एका तासात उप्पीट होतं. पंधरा माणसांचं नाताळाचं जेवण होत नाही, आणि पायात घुटमळणारं दोन वर्षांचं पोर असेल तर मुळीच होत नाही. वेळ वाचतो तो 25 तारखेला नव्हे, त्याच्या आधीच्या आठवड्यात. हे सांगितलं की समोरची गप्प होते, आणि 24 च्या संध्याकाळी पुन्हा फोन करते. तोवर सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

सगळं 24 ला काढणं

आपल्याकडे बेळगावात शाळांची सणाची मोठी सुट्टी दसऱ्याला. नाताळाला कॉन्व्हेंट सोडलं तर बहुतेक शाळांना 25 चीच काय ती सुट्टी. म्हणजे 24 ला सकाळी डबा आहे, युनिफॉर्म आहे, दुपारी पेंगुळलेली मुलं आहेत. त्या दिवशी विंदालू, पुलाव, कस्टर्ड आणि घराची झाडलोट असं सगळं मांडणाऱ्या बायकांना माझा एकच प्रश्न असतो: विंदालू आजच कशाला? व्हिनेगरातलं डुकराचं मटण दोन-तीन दिवस मुरलं की जास्त चांगलं लागतं, सोरपोतेल, म्हणजे डुकराचं मांस-काळीज घातलेला आंबट-तिखट रस्सा, तर तिसऱ्या दिवशी खरं रंगात येतं. मी ही दोन्ही 22 ला करून फ्रीजमध्ये टाकते आणि 25 ला लागेल तेवढंच काढून खळखळून उकळते. फक्त अॅल्युमिनियमच्या पातेल्यात नको. व्हिनेगर त्या धातूला खातं आणि रश्शाला चव येते पातेल्याची. स्टील घ्या, नाहीतर मातीचं भांडं.

सान्नांचं पीठ उशिरा वाटणं

सान्ना, म्हणजे यीस्टनं फुगणारी, वाफवलेली, इडलीसारखी गोष्ट, ही माझी दुखरी नस आहे.

आमची धाकटी जाऊ मडगावकडची. लग्नानंतर बेळगावातला तिचा पहिला नाताळ आला तेव्हा पदरात दोन मुलं होती, धाकटं तर कडेवरून उतरतच नव्हतं. सान्ना मीच करणार, हा तिचा हट्ट. 24 ला संध्याकाळी तिनं तांदूळ-खोबरं वाटलं, यीस्ट घातलं आणि निवांत झाली. माहेरी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघेपर्यंत पीठ भांड्याबाहेर यायचं. पण मडगाव समुद्राच्या कुशीत, आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबरात इथली रात्र पंधरा अंशांच्या आसपास उतरते. दहा वाजता झाकण उघडलं तर पीठ जसंच्या तसं. "अक्का, हे मेलंय काय?"

मेलं नव्हतं, गारठलं होतं. थांबली असती तर सकाळपर्यंत आलं असतं. पण घाई! तिनं आणखी दोन चमचे यीस्ट ओतलं, वर कढत पाणी घातलं. साठ अंशांच्या आसपास यीस्ट खरोखर मरतं. सकाळी जे निघालं त्याला दारूच्या गुत्त्याचा वास होता आणि जाडी पापडाची. मग दीर स्कूटर काढून पाव शोधत फिरले, आणि पाहुण्यांनी विंदालू पावाबरोबर खाल्लं. पाहुण्यांचं काही बिघडलं नाही, तिचं मात्र तोंड दिवसभर उतरलेलं.

आता माझी सवय सांगते. तांदूळ 23 च्या रात्री भिजत. 24 ला मुलं शाळेत गेली की वाटायचं. यीस्ट कोमट पाण्यात साखर घालून आधी फेसाळून घ्यायचं, फेस आला नाही तर ते पाकीट टाकून द्यायचं, उगाच आशेवर बसायचं नाही. पीठ बंद ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन न पेटवता, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. दुपारपर्यंत येतं. त्याच दिवशी सान्ना वाफवून, गार करून, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालायच्या आणि डबा फ्रीजमध्ये. 25 ला जेवायच्या आधी पुन्हा पाच-सात मिनिटं वाफ. ताज्या कुठल्या आणि कालच्या कुठल्या, आमच्या सासूबाईंनाही ओळखता आलेलं नाही, आणि त्या ओळखायला टपलेल्याच असतात. इनो घालून झटपट सान्ना करणाऱ्यांनी सरळ इडली करावी. इडलीत वाईट काय आहे?

मिस्सेनंतर जेवणाचा घाट

मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी यायला दीड वाजतो. मुलं खांद्यावर झोपलेली. त्यांना उठवून, तोंड धुवून, पानावर बसवायचं आणि मग ती रडली की रागवायचं, हा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. बरं, ती सांडलवंड करतात, आई चारपर्यंत भांडी घासते आणि 25 ला दुपारी पाहुण्यांसमोर जांभया देते. रात्री केक आणि चहा, बस्स. तीन वर्षांखालचं मूल असेल तर एकानं रात्री जावं, एकानं 25 च्या सकाळच्या मिस्सेला. देवबाप्पा हजेरीपट घेऊन बसलेला नाही.

दुपारीही तेच. मोठ्यांच्या गप्पा, वाईनचे ग्लास, फोटो यात अडीच वाजतात. मुलांना साडेबाराला जेवायला घाला आणि मोकळं सोडा. सगळे एकत्र बसले पाहिजेत हा आग्रह ज्यांचा असतो, त्यांनी मुलांना भरवायचं कामही अंगावर घ्यावं.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक

दोन-दोन चुली पेटवू नका. कोंबडीचा रस्सा ब्याडगी मिरचीवर करा, रंग भरपूर, तिखटपणा कमी. खोबरं-मसाला शिजला की मुलांपुरतं काढून घ्या आणि मग उरलेल्यात संकेश्वरी मिरचीची भरड घाला. बाजारातून "लाल मिरची" म्हणून नुसती आणलीत आणि ती संकेश्वरी निघाली, तर मुलं दिवसभर केकवरच राहतील.

बाकीच्या चुका थोडक्यात.

गोठलेली कोंबडी सकाळी ओट्यावर काढून ठेवणं. बाहेरून सैल पडते, आत दगड. दोन किलोची कोंबडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटायला पूर्ण एक दिवस घेते. 24 ला सकाळीच खाली उतरवा, खाली ताट ठेवून, नाहीतर पाणी भाजीवर गळतं.

कांदा 25 ला चिरणं. आदल्या रात्री चिरा, पुलावाचा तळून ठेवा.

आलं-लसूण विकतचं चालतं का? चालतं. विंदालूचा तयार मसाला मात्र माझ्या घरात येत नाही.

कुकर गळ्यापर्यंत भरणं. दोन तृतीयांशाच्या वर नको. दोनदा लावा. बेळगावजवळच्या येळ्ळूरचा बासमती असेल तर पुलावाला कुकरच नको, तो मऊ पडतो. रुंद पातेलं घ्या.

केकमधली फळं रममध्ये भिजवून तोच केक मुलांना देणं. भाजताना सगळी रम उडून जात नाही. मुलांच्या केकला संत्र्याचा रस, आणि चार-पाच वर्षांखालच्यांच्या वाट्याला अख्खे काजू नकोत, घशात अडकतात.

आणि कलकलं, मैद्याचा तळलेला नाताळचा गोड खाऊ. मुलांना कामाला लावलं की वेळ वाचतो असं कुणी सांगितलं असेल तर त्यानं मुलं पाहिलेली नाहीत. काट्याच्या पाठीवर मैद्याची गोळी दाबून वळवणं त्यांना फार आवडतं, पण त्याला अख्खी दुपार द्यावी लागते, शिवाय तळणीपासून त्यांना लांब ठेवायला एक मोठं माणूस हवं. हे आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, एखाद्या रविवारी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात कलकलं दोन आठवडे कुरकुरीत राहतात. तीही दुपार नसेल तर विकत घ्या. बेळगावच्या कॅम्प भागात ओळखीच्या आंटी घरी करून देतात, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगून ठेवावं लागतं. शेजाऱ्यांच्या फराळाच्या ताटात ती विकतची आहेत हे कुणी विचारत नाही. दिवाळीत त्यांच्याकडून आलेली चकली कुठली असते, ते आपण विचारतो का?

उरलेला पुलाव संध्याकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवू नका. शिजलेल्या भातात वाढणारे जंतू पुन्हा गरम केल्यानं पूर्ण निष्प्रभ होत नाहीत. पाहुणे अजून गप्पा मारत असले तरी दोन तासांच्या आत तो पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये टाका. आणि भांडी घासायला नवऱ्याला उठवा.