कोडला हात लावण्याआधी: शनिवारच्या बैठकीची तयारी

निर्वासितांना ताटातूट झालेली माणसं शोधता यावीत म्हणून डेटाबेस करायचं आपल्या लातूरच्या गटाने अंगावर घेतलंय. शनिवारी बसायच्या आधी एवढं करून या.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून आपला फॉर्म भरून घ्या. मी आज्जीला बसवलं. रझाकारांच्या वेळी घर बार्शीकडे निघालं, त्यात चुकलेला चुलतभाऊ तिने सांगायला घेतला. जन्मतारीख? ‘पोलीस ॲक्शन झाली तवा अंगणात पळायचा.’ म्हणजे सप्टेंबर १९४८ला दोन-तीन वर्षांचा. फॉर्म मात्र दिवस-महिन्यावर अडून बसला! तेव्हा तारखेशेजारी ‘अंदाजे’ आणि ‘कशावरून’ असे रकाने हवेत. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप या आपल्या खुणा. ज्यांच्यासाठी हे करतोय त्यांच्या खुणा त्यांनाच विचारून मांडायच्या. गुरुजींनी आपल्या अर्ध्या वर्गाला १ जून लावला, तसा निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी वारंवार येतो. नुसती तारीख जुळली म्हणून माणूस जुळला असं धरू नका.

नावाचं दुखणं याहून मोठं. माहेरचं, सासरचं, लाडाचं, वडिलांचं, आजोबांचं अशी सगळी नावं घ्यायची, आडनावाची सक्ती नको. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून एकच मोहम्मद रोमन अक्षरांत पाच तऱ्हांनी उतरतो. साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं जुळवायचं तंत्र, आयतं मिळतं खरं, पण ते १९१८चं पेटंट, इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं. त्याच्या भरवशावर राहू नका. दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटल्या तरी एकत्र करायच्या नाहीत, नुसत्या जोडायच्या, आणि कुणी, कधी, कशावरून जोडल्या तेही लिहायचं.

आता भांडणाचा मुद्दा. मागच्या वेळी ठरत आलं होतं की शोध सगळ्यांना खुला ठेवू. मला ते मान्य नाही. शोधायला येणारा प्रत्येक जण भाऊच असतो असं नाही. नवऱ्यापासून, सैन्यापासून, दलालापासून लपलेलीही माणसं असतात. रेड क्रॉसच्या ‘ट्रेस द फेस’ या हरवलेले नातेवाईक शोधायच्या वेबसाइटवर शोधणाऱ्याचा फोटो आणि तो कोणत्या नात्याला शोधतोय एवढंच दिसतं, नाव नाही. एवढं जपूनही त्याच रेड क्रॉसच्या शोधकार्यातली ५,१५,०००हून जास्त लोकांची माहिती हॅकरांच्या हाती लागल्याचं जानेवारी २०२२मध्ये उघड झालं. तिथे आपल्या भाड्याच्या सर्व्हरची काय कथा? म्हणून जुळणी लागली की आधी सापडलेल्याला विचारायचं, ‘अमुक शोधतोय, कळवू का?’ तो नको म्हणाला तर पत्ता राहू द्या, सापडल्याचंही शोधणाऱ्याला कळता कामा नये. माणूस गेल्याची बातमीही पडद्यावर नको, ती कुणीतरी समोर बसूनच सांगायची.

बाकी किरकोळ. चाचणीला खरी नावं वापरू नका, वीज-नेट नसेल तिथे चालेल असा कागदी फॉर्म काढून आणा. आणि घरच्यांनी भरलेल्या फॉर्ममधले रिकामे रकाने मागाहून तुम्ही भरत बसू नका, मला तेच बघायचे आहेत.