पिकअपला फॉग लाइट जोडायचे तर वायरिंग असं करा

पावसाळ्यात पिंपळगावहून टोमॅटो भरलेली गाडी इगतपुरी ओलांडून कसारा घाटाला लागली की बऱ्याचदा धुकं काचेला येऊन टेकतं. अशा वेळी हायबीम मारला की उजेड आपल्याच डोळ्यांवर उलटतो. इथे उपयोग होतो तो बंपरवर, हेडलाइटच्या खाली बसवलेल्या फॉग लाइटचा. टपावरची एलईडी पट्टी मळ्यात क्रेट भरायला ठीक, रस्त्यावर समोरच्याला आंधळं करते.

आधी हिशेब. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, भागिले १२, म्हणजे साधारण ९ अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेला की स्विच तापतो, वितळतो. म्हणून रिले हवाच, म्हणजे स्विचच्या छोट्या करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट स्वतःमधून नेणारा डबीसारखा स्विच.

सामान: १२ व्होल्टचा ४ पिनी रिले (३० किंवा ४० अँपिअर) सॉकेटसकट, १५ अँपिअरचा फ्यूज झाकणाच्या होल्डरसह, अडीच चौरस मिमी तांब्याची वायर ५-६ मीटर, स्विचसाठी पाऊण चौरस मिमीची ३-४ मीटर, लग (वायरच्या टोकाला दाबायची धातूची कडी), स्लीव्ह (जोडावर चढवायची नळी), केबल टाय. मेन लाइनला बारीक वायर वापरून पैसे वाचवू नका. पाऊण चौरस मिमीच्या ४ मीटर वायरमध्ये जवळपास १ व्होल्ट तिथेच जिरतो आणि हॅलोजन पिवळट, मंद पडतो.

बॅटरीची मायनस आधी काढा. मग रिलेच्या पायांवरचे आकडे बघून जोडा:

३० – बॅटरी प्लसवरून, फ्यूजमधून.
८७ – दोन्ही दिव्यांच्या प्लसला.
८६ – पार्किंग लाइटच्या वायरवरून, स्विचमधून.
८५ – बॉडीला अर्थ. दिव्यांची मायनसही बॉडीलाच.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो पुढे रिलेजवळ बसवला आणि मधली वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली, तर उडायला फ्यूजच वाटेत नसतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून ३० चा टाकणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळणं. ५ पिनी रिले हाती आला तर मधला ८७ए मोकळा सोडा. त्यावर दिवे जोडले की स्विच बंद असताना लागतात, चालू केला की विझतात.

रिले पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. केबिनच्या पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा. अर्थचा लग रंगावर कसू नका. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडा, कसून झाल्यावर वर ग्रीस लावा. दिवे फडफडले, तर बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

मायनस जोडा, इंजिन चालू करून दिवे लावा. मल्टिमीटरने बॅटरीवर आणि दिव्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर एकेक जोड तपासा.

दिव्यांचा कोन मात्र माल भरल्यावरच लावा. मागचे पाटे दबले की नाक वर येतं आणि रिकाम्या गाडीवर नीट वाटलेला झोत समोरच्याच्या काचेवर जातो. सपाट जागी भिंतीपासून ७-८ मीटरवर गाडी उभी करा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १०-१५ सेंटीमीटर खाली पडली की बोल्ट आवळा.