परिकल्पना लिहिण्याआधी वॉर्डात बसा : नर्सिंग संशोधनातील या चुका टाळा

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्याची तारीख आठवड्यावर आली की एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी येतात आणि बहुतेकींचे पहिले वाक्य एकच असते, "मॅडम, एखादा सोपा टॉपिक द्या ना." बेडसोर हा टॉपिक झाला, प्रश्न नव्हे. खुब्याच्या फ्रॅक्चरमुळे अंथरुणाला खिळलेल्या, बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर 12 किंवा त्याहून कमी गुण (गुण कमी तितका धोका जास्त) असलेल्या आणि सर्वांना एअर मॅट्रेस मिळालेल्या रुग्णांची कूस दर चार तासांऐवजी दर दोन तासांनी बदलली, तर पहिल्या सात दिवसांत बेडसोर होण्याचे प्रमाण कमी राहते का, हा प्रश्न झाला. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता, अशी पिकोची चौकट 1995 पासून रूढ आहे आणि ती सर्वांना तोंडपाठही असते. तरीही प्रत्यक्ष लिहिताना तिच्यातली तुलना हमखास गळते.

या एका चुकीने मलाही चांगलाच धडा शिकवला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने सलाईनमुळे शीर सुजलेल्या रुग्णांवर मॅगसल्फ-ग्लिसरीनच्या (मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनच्या मिश्रणाच्या) ड्रेसिंगचा परिणाम पाहायचे ठरवले आणि मी फारसा विचार न करता तिच्या सिनॉप्सिसवर सही केली. जुलै महिना होता. मुंबईत पावसाबरोबर तापाची साथ आली होती आणि मेडिसिन वॉर्डातील खाटा संपून जमिनीवर गाद्या पडल्या होत्या. पोरगी मेहनती होती. रोज सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग करून ती शिरेची सूज मोजणाऱ्या 0 ते 5 गुणांच्या व्हीआयपी स्कोअरवर नोंदी घेत असे. तिसऱ्या दिवसापर्यंत गुण उतरले आणि ड्रेसिंग परिणामकारक असल्याचा निष्कर्ष तिने मोठ्या उत्साहाने लिहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढेच विचारले, "कॅन्युला केव्हा काढली होती?" गुण 2 झाला की कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी, काढून दुसऱ्या जागी लावायची हा नियम वॉर्डातल्या सिस्टर काटेकोरपणे पाळत होत्या, म्हणजे प्रत्येक रुग्णाची कॅन्युला ड्रेसिंगच्या आधीच निघालेली होती. कॅन्युला काढल्यावर अशी सूज बहुतेक वेळा आपोआपच उतरते. मग श्रेय ड्रेसिंगचे की कॅन्युला काढण्याचे, हे सांगायला तिच्याकडे केवळ कॅन्युला काढलेला, ड्रेसिंग न केलेला गटच नव्हता. त्यात भर म्हणजे ताप उतरलेले रुग्ण दोन दिवसांत घरी जात होते आणि त्यांची तिसऱ्या दिवसाची नोंद कोरीच राहिली होती. तिला अभ्यास पुन्हा करावा लागला. चूक तिच्याइतकीच माझी होती.

तेव्हापासून प्रश्न ठरण्याआधी मी निकालाचा रिकामा तक्ता काढून मागते. उभे रकाने कोणत्या गटांचे, आडव्या ओळी कोणत्या मोजमापाच्या आणि नोंद किती तासांनी, हे आकड्यांशिवाय काढून दाखवता आले नाही, तर प्रश्न अजून कच्चा आहे असे मी समजते. ही काही पुस्तकातली पद्धत नव्हे, माझी सवय आहे. पण एसपीएसएस हे आकडेवारीचे सॉफ्टवेअर आधी उघडून प्रश्न मागाहून शोधणाऱ्यांना ती फार टोचते.

दुसरी चूक इतकी रुळली आहे की तिला कोणी चूकच म्हणत नाही. अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची तमुक गटाच्या ज्ञानावरील परिणामकारकता, या साच्यातले प्रबंध कपाटे भरून आहेत. आधी प्रश्नावली, मग तासभराचे व्याख्यान, सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नावली. शिकवल्यावर गुण वाढतात हे सिद्ध करायला दोन वर्षांचा अभ्यासक्रम कशाला हवा? मधुमेहाच्या रुग्णाने महिन्याभरानंतर इन्सुलिन टोचण्याची जागा बदलत ठेवली का, हे तपासायला वेळ लागतो, म्हणूनच कोणी विचारत नाही. या साच्याला ज्ञानाचा वय, धर्म, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार यांच्याशी संबंध असेल, अशी एक परिकल्पनाही चिकटवलेली असते. एकमेकांशी निगडित नसलेल्या दहा बाबी 0.05 च्या पातळीवर, म्हणजे प्रत्येक वेळी निव्वळ योगायोगाने संबंध दिसण्याची 5 टक्के शक्यता पत्करून, तपासल्या, तर प्रत्यक्षात कोणताही संबंध नसतानाही निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. धर्माचा आणि ज्ञानाचा संबंध का असावा, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती बाब यादीतून काढून टाकावी.

मराठीत लिहिणाऱ्यांनी शब्दही जपून वापरावेत. गृहीतक म्हणजे अभ्यासापुरते खरे मानून चालायची गोष्ट, तर परिकल्पना म्हणजे तपासायची गोष्ट. रुग्ण प्रामाणिकपणे उत्तरे देतील हे गृहीतक आहे. त्याला परिकल्पनांच्या यादीत बसवू नये. शून्य परिकल्पना, म्हणजे फरक किंवा संबंध नाही हे विधान, नाकारता आली नाही, याचा अर्थ ती सिद्ध झाली असा नसतो. आकडे हाती आल्यावर परिकल्पना बदलणे ही तर सरळसरळ लबाडी आहे. आयसीयूत आई दाखल असलेल्या मुलीला काय वाटते, अशा गुणात्मक प्रश्नाला परिकल्पना जोडण्याची गरज नाही, मार्गदर्शकांनी कितीही आग्रह धरला तरी. 'आणि' या शब्दाने जोडलेले दोन प्रश्न वेगळे करावेत.

राहिला नमुन्याचा प्रश्न. वॉर्डात तीन दिवस बसून दाखल रुग्णांचे मागच्या तीन महिन्यांचे रजिस्टर इनचार्ज सिस्टरच्या परवानगीने चाळावे आणि आपल्या निकषात बसणारे रुग्ण बोटांवर मोजावेत. यंदा एका विद्यार्थिनीला असे मोजल्यावर आठवड्याला जेमतेम दोन रुग्ण सापडले. तिला साठ हवे होते आणि हातात आठ आठवडे होते. तिने त्याच संध्याकाळी प्रश्न बदलला.