आर्थिक केंद्रात कामासाठी जाताना या चुका टाळा

मोठ्या शहराचे आर्थिक केंद्र कामाच्या दिवसांच्या वेळापत्रकावर चालते. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातून डोंगरउतारावरील वस्तीकडे जाणारे सरकते जिने सकाळी ६ ते १० या वेळेत फक्त खाली येतात, कारण त्या वेळी सगळी वस्ती कचेऱ्यांकडे निघालेली असते. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत ते वर जातात. लंडनच्या 'सिटी'त, म्हणजे शहराच्या जुन्या आर्थिक भागात, कायम राहणारी माणसे दहा हजारांहूनही कमी आहेत, तर कामाला येणारी सहा लाखांहून अधिक. उपाहारगृहे, इमारतींची दारे आणि हॉटेलांचे दर या नोकरदारांच्या हिशेबानेच ठरतात. हे लक्षात न घेता आखणी केली, तर बैठकही बिघडते आणि फिरणेही.

प्रसिद्ध नाव हाच पत्ता समजणे

'वॉल स्ट्रीट' ऐकून अनेक जण न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला खोली घेतात. शेअर बाजार तेथेच आहे, परंतु जेपी मॉर्गन चेस या बँकेचे मुख्यालय पार्क ॲव्हेन्यूवर आणि मॉर्गन स्टॅनलीचे टाइम्स स्क्वेअरजवळ, म्हणजे दोन्ही मिडटाऊनमध्ये, मॅनहॅटनच्या मधल्या भागात आहेत. लंडनमध्येही 'सिटी' आणि पूर्वेकडचे कॅनरी वॉर्फ ही दोन वेगळी केंद्रे आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गामुळे त्यांच्यातील प्रवास सोपा झाला असला, तरी चुकीच्या टोकाला उतरलेल्याची वेळ वाया जातेच. फ्रँकफर्टमध्ये युरोचे मोठे निळे चिन्ह पाहून युरोपीय मध्यवर्ती बँक समोरच असेल असे वाटते. प्रत्यक्षात बँकेचे मुख्यालय २०१४ मध्येच शहराच्या पूर्व भागात हलले. म्हणून इमारतीचे नाव, क्रमांक आणि पोस्टाचा कोड हाती आल्याशिवाय हॉटेल नक्की करू नये.

पत्ता बरोबर असूनही माणसे हरवतात, आणि त्याचे कारण बहुधा उंची हे असते. पॅरिसलगतच्या ला देफॉन्समध्ये पादचाऱ्यांसाठी भलामोठा चौथरा आहे आणि वाहनांचे रस्ते त्याच्या खालून जातात, तर हाँगकाँगच्या सेंट्रलमध्ये इमारती वरच्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. उंच इमारतींवर आदळून उपग्रहाचे संकेत विचलित होतात, शिवाय आपण खालच्या पातळीवर आहोत की वरच्या, हे फोनवरील नकाशा सहसा सांगत नाही. नकाशातील ठिपका इमारतीवर आहे आणि समोर मात्र नुसती भिंत आहे, असे झाल्यास गल्ल्या पालथ्या घालण्याऐवजी जवळचा जिना किंवा लिफ्ट शोधून पातळी बदलून पाहावी. त्याहून बरे म्हणजे, स्टेशनच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडायचे हे यजमानांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

इमारतीच्या दारापर्यंतचाच वेळ धरणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. इमारतीसमोर वेळेवर पोहोचलेला पाहुणाही बैठकीच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटे उशिरा शिरतो. रिसेप्शनवर ओळखपत्र पाहतात, यादीतील नाव पडताळतात, काही ठिकाणी छायाचित्र घेतात, सामान यंत्रातून जाते, आणि मग पास मिळतो. यजमानांनी यादीत दिलेले नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत फरक असला की गाडी तेथेच अडते. म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरांसह, आधी कळवावे. पुढे लिफ्टपाशी आणखी एक घोटाळा होतो. अनेक नव्या इमारतींत मजल्याचा आकडा लिफ्टबाहेरच्या पडद्यावर दाबायचा असतो. पडदा एक अक्षर दाखवतो आणि त्याच अक्षराच्या लिफ्टमध्ये शिरायचे असते. समोर उघडलेल्या कोणत्याही लिफ्टमध्ये घाईने शिरल्यास आत मजल्यांची बटणेच सापडत नाहीत. असे झालेच, तर लिफ्ट थांबेल तेथे उतरून बाहेरच्या पडद्यावर आकडा पुन्हा दाबावा. या सगळ्यासाठी निदान अर्धा तास हाताशी ठेवावा आणि यजमानांचा थेट फोन नंबर जवळ असू द्यावा.

काम उरकून शनिवार-रविवारी तेथेच फिरणे

बैठका शुक्रवारी संपवून उरलेले दोन दिवस याच भागात पाहू, हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात शनिवारी कित्येक उपाहारगृहांची दारे बंद असतात. बँक ऑफ इंग्लंडचे वस्तुसंग्रहालय सोमवार ते शुक्रवारच उघडे असते, तर सेंट पॉल्स कॅथीड्रल रविवारी केवळ उपासनेसाठी खुले असते. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आतून पाहण्याची आशा तर कोणत्याच दिवशी धरू नये. ११ सप्टेंबर २००१ नंतर तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी बंद आहे. बैलाचा प्रसिद्ध पुतळाही वॉल स्ट्रीटवर नसून थोड्या अंतरावर बोलिंग ग्रीन या छोट्या बागेपाशी आहे.

तेव्हा क्रम उलटा करावा. या भागातील प्रेक्षणीय गोष्टी कामाच्या दिवशी, दोन बैठकांच्या मधल्या वेळेत पाहाव्यात आणि शनिवार-रविवार शहराच्या इतर भागांना द्यावा. लंडनचे स्काय गार्डन, म्हणजे उंच इमारतीच्या माथ्यावरील बाग, मोफत आहे, पण वेळ आधी नोंदवावी लागते. मुक्काम मात्र हलवण्याची घाई करू नये, कारण नोकरदारांची ये-जा थांबली की येथील हॉटेलांचे दर अनेकदा खाली येतात. इमारती डोळे भरून पाहायच्या असतील, तर रविवारची सकाळ फार उत्तम. एरवी गर्दीत मान वर करायलाही उसंत नसते.

कागदपत्रांत सुट्टीचे दिवस विसरणे

अमेरिकेचा बी-१/बी-२ आणि ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा यांवर बैठका, परिषदा आणि पर्यटन चालते. तेथील कंपनीत नोकरी करणे चालत नाही. अधिकाऱ्याने विचारल्यास दोन्ही हेतू सरळ सांगावेत आणि निमंत्रणपत्राची छापील प्रत जवळ ठेवावी. कंपनीने काढलेला प्रवास विमा कित्येकदा कामाच्या दिवसांपुरताच असतो, त्यामुळे वाढवलेल्या दिवसांबद्दल निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे आणि ते दिवस विम्यात येत नसतील, तर त्यांच्यापुरता स्वतंत्र विमा काढावा. हॉटेलचे बिलही कामाच्या आणि सुट्टीच्या रात्रींसाठी वेगवेगळे मागावे. परतल्यावर हिशेब विभाग तीच फोड मागतो, आणि खोली सोडताना ती मिळवणे सर्वांत सोपे असते.