ऑफ-रोड बाइकसाठी बॅश प्लेट कशी निवडावी

मोटरसायकलच्या पोटाशी असलेलं इंजिनाचं केसिंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम वाकत नाही, तडकतं. दगडाचा एक नेमका घाव बसला की गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर फुटला’. त्यातून एक-दीड लिटर ऑइल दोन मिनिटांत गळून जातं आणि लक्षात यायला उशीर झाला तर पिस्टनही जाम होतो. हे टाळण्यासाठी इंजिनाखाली जी ढाल बसवतात तिला कोणी बॅश प्लेट म्हणतं, कोणी स्किड प्लेट.

दुकानात पहिला प्रश्न असतो ‘किती एमएमची आहे?’ हा प्रश्न नंतर विचारायचा आहे. प्लेटला दोनच कामं करायची असतात: घाव इंजिनाला लागू न देता फ्रेमवर पोहोचवायचा, आणि बाइकला दगडावरून अडकू न देता घसरवून पुढे काढायचं. ही दोन्ही कामं जाडीपेक्षा प्लेट कुठे बांधली आहे आणि तिचा आकार कसा आहे यावर जास्त ठरतात. म्हणून निवडही त्याच क्रमाने करावी.

पहिली पायरी: बाइकच्या खाली पाहा

बाइक धुवून घ्या, स्टँडवर उभी करा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. कागदावर चार गोष्टी लिहा: सर्वांत खाली काय आहे, ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा बोल्ट) कुठे आहे, ऑइल फिल्टरचं झाकण कुठे आहे, आणि बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा पाईप) इंजिनाच्या कोणत्या बाजूने जातो. बीएस६ बाइकमध्ये बेंड पाईपवर किंवा त्याच्या पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याची वायर कुठून जाते हेही नोंदवा, कारण चुकीची प्लेट ती वायर दाबते आणि मग इंजिनाचा दिवा लागतो.

आता फ्रेम पाहा. काही बाइकमध्ये फ्रेमच्या नळ्या इंजिनाच्या खालून जातात. रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ ही त्यातली. इतर काहींत खाली नळ्या नसतातच आणि इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो. हिमालयन ४५० तशी आहे. पहिल्या प्रकारात प्लेटला टेकायला भक्कम जागा मिळते. दुसऱ्या प्रकारात मात्र प्लेट कशावर टेकते हे फार काळजीने पाहावं लागतं.

दुसरी पायरी: तुमची वाट कोणती

सह्याद्रीतल्या वाटा बेसॉल्टच्या. दगड कठीण, कोपरे धारदार, आणि पायऱ्यांसारखे टप्पे. इथे पुढचं चाक टप्पा चढून गेल्यावर बाइकचं पोट टप्प्याच्या कडेवर आदळतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर खरखर जास्त. जांभा पृष्ठभाग खरवडतो आणि बोल्टची डोकी झिजवतो. स्पिती-लडाखच्या ओढ्यांत गोल गोटे असतात, ते पुढच्या चाकाखालून उडून प्लेटच्या पुढच्या भागावर आणि बाजूच्या कव्हरांवर बसतात. म्हणजे घाटवाटांसाठी पोटाचा भाग भक्कम हवा, ओढ्यांसाठी बाजू झाकलेल्या हव्यात. शेतरस्ते आणि कच्च्या सडकांपुरतंच फिरणार असाल तर कंपनीने दिलेली पातळ प्लेट पुरते. तिचे बोल्ट घट्ट आहेत एवढं पाहा.

तिसरी पायरी: प्लेट कशाला बांधली जाते

निवडीचा खरा निकाल इथे लागतो, म्हणून विक्रेत्याकडून फिटिंगचे फोटो किंवा प्रत्यक्ष ब्रॅकेट मागून घ्या.

सर्वांत चांगली प्लेट ती, जिचे सगळे बोल्ट फ्रेमवर आहेत. पुढे दोन, मागे दोन, आणि मध्ये ती फ्रेमच्या नळीवर रबर ठेवून टेकते. घाव आला तर तो नळीतून विरतो. त्याखालोखाल, इंजिन जिथे फ्रेमला जोडलेलं असतं त्या माउंटिंगच्या आरपार बोल्टवर बसणारी प्लेट. तीही चालते, कारण तो बोल्ट जाड असतो आणि फ्रेमलाही धरून असतो. ज्यांच्या खाली नळ्या नाहीत अशा बाइकना बहुधा हाच मार्ग असतो.

टाळायची ती, जी केसिंगच्या छोट्या कानांना एम६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टने थेट बांधलेली असते आणि दुसरा आधारच नसतो. प्लेटला बसलेला प्रत्येक दणका अशा वेळी सरळ त्या कानाला जातो. प्लेट शाबूत राहते, कान मात्र केसिंगचा तुकडा घेऊन उखडतो. जे वाचवायचं तेच फुटतं. यात भर म्हणून काही जण १२.९ ग्रेडचे अतिकठीण बोल्ट लावतात. तिथे ८.८ ग्रेडच बरा, कारण जोराचा धक्का आला तर आधी बोल्ट तुटायला हवा. तो बदलायला फार खर्च येत नाही, केसिंग बदलायचं तर इंजिन उघडावं लागतं.

प्लेट क्रॅश गार्डच्या नळीला क्लॅम्पने लटकवलेली असेल तर तीही नको. बाइक आडवी पडली की गार्ड वाकतो, प्लेटला ओढतो आणि तिची कड इंजिनावर दाबली जाते.

चौथी पायरी: धातू आणि जाडी

आता एमएमचा प्रश्न. ३० बाय ५० सेंटिमीटरचा सपाट तुकडा धरला तर वजनं साधारण अशी येतात: ४ मिमी अ‍ॅल्युमिनियम १.६ किलो, ३ मिमी लोखंडी पत्रा ३.५ किलो, ८ मिमी एचडीपीई प्लास्टिक १.१ किलो. बाजूच्या पंखांनी आणि ब्रॅकेटने यात भर पडते.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिमीऐवजी ४ मिमी घेतला तर वजन तृतीयांशाने वाढतं, पण ताठपणा जवळजवळ २.४ पट होतो. एक्सपल्स २०० सारख्या सुमारे १६० किलोच्या बाइकसाठी ४ मिमी अ‍ॅल्युमिनियम हा उत्तम मध्य आहे. हिमालयनसारख्या २०० किलोच्या आसपासच्या, सामान लादलेल्या बाइकला ४ ते ५ मिमी घ्या. १०० ते ११० किलोच्या निव्वळ डर्ट बाइकला ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम किंवा जाड प्लास्टिक पुरतं.

अ‍ॅल्युमिनियम कोणता हे विचारा; मिश्रधातूच्या प्रकारांना क्रमांक असतात. ५०५२ नीट वाकतो, ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्णता देऊन बळकट केलेला) त्याहून बळकट असतो पण तीव्र कोनात वाकवला की वळणावर चिरतो. म्हणून ६०६१ ची प्लेट घेताना वळणं गोलाईदार आहेत का ते पाहा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक केसासारख्या रेघा दिसल्या तर ती प्लेट घेऊ नका. वेल्डिंग केलेल्या जोडाजवळ टी६ चं बळ कमी होतं, त्यामुळे मुख्य पोट एकाच पत्र्याचं वाकवलेलं असेल तर अधिक चांगलं.

लोखंड स्वस्त आहे, गावातला कोणीही वेल्डर दुरुस्त करून देतो, आणि लांबच्या प्रवासात ही सोय मोठी आहे. तोटा वजनाचा आणि गंजाचा. एचडीपीई दगडावरून सर्वांत छान घसरतं, आवाज करत नाही आणि वाकून परत सरळ होतं. पण वाकतं म्हणूनच त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये जास्त मोकळी जागा लागते. शिवाय सुमारे १३० अंश सेल्सिअसला ते वितळतं, आणि बेंड पाईप त्याहून कितीतरी जास्त तापतो. पाईप खालून जाणाऱ्या बाइकला प्लास्टिक नको. कार्बन फायबर हलकं असतं, पण टोकदार घावाने फाटतं; आपल्या दगडांसाठी ते घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाचवी पायरी: आकार

पुढची बाजू उभी नको, तिरकी हवी. उभी भिंत दगडावर बाइक थांबवते, तिरकी वर चढवते. मागची कडही किंचित वर वळलेली असावी, नाहीतर टप्प्यावरून बाइक मागे घेताना ती कड खिळ्यासारखी अडकते.

बाजूचे पंख क्लच कव्हर आणि मॅग्नेटो कव्हरच्या खालच्या तृतीयांशापर्यंत यावेत. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात वॉटर पंपही त्यात झाकला जावा. पंख फार वर आले तर गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडलला बूट अडतो. ज्या बाइकमध्ये मागचं सस्पेन्शन जोडदांड्यांनी (लिंकेज) जोडलेलं असतं, तिची लिंक इंजिनाच्या मागे खाली लोंबते. घाटवाटांसाठी प्लेट तिथपर्यंत जायला हवी.

छिद्रांकडेही लक्ष द्या. दिसायला छान म्हणून कापलेल्या मोठ्या खिडक्यांतून दगडाचं टोक आत शिरतं. पाणी आणि चिखल जाण्यासाठी ८ ते १० मिमीची भोकं पुरतात. ड्रेन बोल्टसमोरचं भोक मात्र २५ ते ३० मिमीचं हवं, म्हणजे सॉकेट आत जातो आणि ऑइल प्लेटवर न सांडता खाली पडतं. बोल्टची डोकी खोलगट जागेत बुडालेली असावीत. बाहेर आलेलं डोकं जांभ्यावर दोन फेऱ्यांत घासून गोल होतं आणि मग पाना लागत नाही.

सहावी पायरी: बसवण्याआधी मोजा

धातूची प्लेट आणि इंजिन यांत १० ते १५ मिमी जागा हवी, प्लास्टिकला १५ ते २०. ती मोजण्याचा सोपा उपाय म्हणजे मुलांच्या खेळण्याची मऊ माती. इंजिनाच्या सर्वांत खालच्या तीन-चार जागी गोळे चिकटवा, प्लेट बसवून बोल्ट घट्ट करा, परत काढा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा.

पुढच्या चाकाचीही तपासणी करा, ही बहुतेकांची राहून जाते. फोर्क दबतो तेव्हा चाक वर जातं आणि मागे इंजिनाकडेही सरकतं. एक्सपल्स २०० चा पुढचा ट्रॅव्हल (फोर्क दबू शकतो ते अंतर) १९० मिमी आहे. टायरपासून प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर फोर्कच्या रेषेला समांतर मोजा. ते ट्रॅव्हलपेक्षा कमी भरलं तर पट्ट्यांनी फोर्क पूर्ण दाबून प्रत्यक्ष पाहा. टायर घासला तर उडी मारून उतरताना चाक अडकू शकतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही हेच बघा. त्यानंतर साइड स्टँड, सेंटर स्टँड, किक आणि गिअर लिव्हर हलवून पाहा.

शेवटी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि बाइकचं पोट यांतलं अंतर. एक्सपल्स २०० चा २२० मिमी. नव्या प्लेटने २० मिमी खाल्ले तर तेवढे दगड जास्त लागणार, हे धरूनच चाला.

सातवी पायरी: बसवा

इंजिन थंड असू द्या. जुनी प्लेट काढल्यावर भोकांतले आटे तारेच्या ब्रशने साफ करा. सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवून घ्या. एकही बोल्ट जबरदस्तीने ओढून भोकात आणावा लागत असेल तर ब्रॅकेट चुकलं आहे. तसंच घट्ट केलं तर प्लेट कायम ताणात राहते आणि थरथरीने चिरते. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. एम६ साठी साधारण १० न्यूटन-मीटर, एम८ साठी २२ ते २५. तुमच्या बाइकच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. इंजिन माउंटिंगचे बोल्ट याहून जास्त टॉर्कचे असतात, तिथे मॅन्युअलशिवाय हात लावू नका. आट्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, लाल नको. लाल उघडायला बोल्ट तापवावा लागतो.

समुद्राजवळ राहत असाल तर आणखी एक काळजी. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात खारट ओल आली की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून कुजायला लागतं आणि बोल्ट आत चिकटतो. थ्रेडलॉकर आट्यांना काही अंशी वाचवतं. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळे बोल्ट काढून परत लावा.

प्लेट बसल्यावर इंजिनाचा आवाज मोठा वाटतो, कारण तो पत्र्यावरून परततो. फ्रेमला टेकते तिथे रबराची पट्टी लावा. आत फोम भरायचा असेल तर पाणी न शोषणाराच आणि बेंड पाईपपासून दूर.

नंतरची देखभाल

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट परत तपासा. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर प्लेटच्या आतला चिखल पाण्याने काढा. वाळलेला चिखल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता अडवतो आणि ड्रेन बोल्टही झाकतो. ऑक्टोबर ते मे हा काळ अधिक जपायचा: सुकलेलं गवत प्लेट आणि पाईप यांच्यात साठतं आणि गरम पाईपला लागून पेट घेऊ शकतं. माळावरून जाताना प्रत्येक थांब्यावर हात घालून नव्हे, काडीने ते गवत काढा.

जोराचा घाव बसला की तिथेच थांबून जमिनीवर ऑइलचे थेंब पडतात का ते पाहा. घरी आल्यावर प्लेट उतरवा, वळणं आणि बोल्टची भोकं यांपाशी चिरा शोधा. खळगा पडून इंजिनापासूनची जागा ५ मिमीपेक्षा कमी झाली असेल तर प्लेट सरळ करायची वेळ आली. ती बाइकवर असताना हातोडा मारू नका. प्रत्येक ठोका ब्रॅकेटमधून इंजिनाच्या माउंटिंगला जातो. काढून, लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोका. ६०६१ ची प्लेट एकदा वाकून सरळ केली की पुढच्या वेळी तिथेच तुटण्याची शक्यता जास्त, तेव्हा तिच्यावर लांबच्या मोहिमेला जाऊ नका.

आणि प्लेट कितीही चांगली असली तरी बॅगेत एक लिटर ऑइल आणि एम-सीलचं पाकीट असू द्या. केसिंगला बारीक चीर गेली तर इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, बाइक चिरेच्या विरुद्ध बाजूला कलती करा. चीर घासून, पेट्रोलच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी झाल्यावर एम-सील दाबून बसवा. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, मग ऑइल भरा आणि सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा. तिथे आर्गन वेल्डिंग होतं का ते आधी फोनवर विचारून घ्या.