एनआयएसचे मॅप बांधून वाटण्याआधी

परीक्षेच्या तोंडावर नवी खाती टाकायची, पास होऊन गेलेल्यांची उडवायची आणि मग एनआयएसचे (खाती-पासवर्ड एका मुख्य सर्व्हरवरून, म्हणजे मास्टरवरून, सगळ्या मशिनांना पुरवणारी व्यवस्था) सगळे मॅप, म्हणजे वाटायच्या याद्या, नव्याने बांधून स्लेव्ह सर्व्हरांवर, म्हणजे मास्टरची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरांवर पाठवायचे, हे काम कॉलेजात कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतंच. मागच्या खेपेला माझ्या गळ्यात पडलं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी अर्धी लॅब बाहेर ताटकळली. पुढच्या माणसासाठी हे लिहून ठेवतोय. (एलडॅपवर, म्हणजे एनआयएसच्या जागी वापरतात त्या नव्या व्यवस्थेवर जा, हा सल्ला नको. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 मधून एनआयएस काढून टाकलंय हे ठाऊक आहे. आमच्याकडची जुनी मशिनं आहेत तोवर हेच चालायचं.)

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा 45 च्या आसपास जातो, एसी दमतात आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएसच्या भरवशावर हे काम काढू नका.

पासवर्ड, शॅडो (पासवर्डांचे हॅश असलेली), ग्रुप या फाइलींची कॉपी. हे सांगायला नको. पण मूळ फाइलींतल्या ओळी मोजून घ्या. चुकून रिकामी फाइल राहिली तर मेक (मॅप बांधणारी कमांड) काही कुरकुर करत नाही, रिकामा मॅप बांधतो आणि इमानेइतबारे सगळीकडे पाठवतो. काम चालू असेपर्यंत पासवर्ड बदलण्याची सेवा बंद ठेवा, नाहीतर तुम्ही फाइल संपादत असताना कुणीतरी पोरगा पासवर्ड बदलतो आणि दोघांपैकी एकाचं काम वाया जातं.

आता मुख्य मुद्दा: वायपीसर्व्हर्सची यादी. मास्टरवर व्हार-वायपी डिरेक्टरीत ही साधी फाइल असते, एका ओळीत एका सर्व्हरचं नाव. वायपीपुश (नवा मॅप आलाय असं स्लेव्हना कळवणारी कमांड) फक्त याच यादीतून बनलेल्या मॅपमधली नावं वाचतो आणि तेवढ्यांनाच कळवतो. हॉस्टेलच्या लॅबमध्ये नवा स्लेव्ह बसवला, त्याच्यावर मास्टरचं नाव देऊन वायपीइनिट (स्लेव्ह उभा करणारी कमांड) चालवला, सगळे मॅप आले, लॉगिन झालं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण मास्टरवरच्या यादीत त्याचं नाव टाकलेलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्या दिवशी आणलेले मॅप तो पुढे तसेच वाटत राहिला, आणि एररची एक ओळही कुठे दिसली नाही.

वर लक्षण असं की डोकं फिरावं. ब्रॉडकास्टवर ठेवलेलं (म्हणजे ठरावीक सर्व्हरचं नाव न देता सगळ्यांना हाक मारणारं) मशिन, जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याला चिकटतं. एकाच बाकावरच्या दोन मशिनांपैकी एकावर नवा पासवर्ड चालतो, दुसऱ्यावर जुनाच. पोरं म्हणतात, ‘सर, आत्ता तर चालला होता!’ आणि आपण कीबोर्ड तपासत बसतो. असं झालं की आधी त्या मशिनवर वायपीव्हिच मारा, ते कोणाला चिकटलंय ते कळेल.

म्हणून मेक मारण्याआधी वायपीसर्व्हर्स उघडा. सर्व्हर रूममध्ये जाऊन, हॉस्टेलला फोन करून, चालू असलेले स्लेव्ह खरोखर मोजा आणि यादीशी ताडून बघा. आठवणीवर विसंबू नका. फाइलमध्ये नाव घातल्यावर मॅपही बांधा आणि वायपीकॅटने वायपीसर्व्हर्स मॅप छापून बघा, कारण वायपीपुश मॅप वाचतो, तुमची फाइल नाही. प्रत्येक नावाचा आयपी मास्टरच्या होस्ट्स फाइलमध्ये हवा.

त्याला लागूनच दुसरी खोड: मेकफाइलमधला (मेक काय करेल ते ठरवणाऱ्या फाइलमधला) नोपुश. लिनक्सवर तो आयता ‘ट्रू’ असतो, म्हणजे मेक मॅप बांधतो पण पाठवत नाही. स्लेव्ह असतील तर ‘फॉल्स’ करा. मेकफाइल नवी आली की हे पुन्हा तपासा.

घड्याळ. मॅपचा ऑर्डर नंबर म्हणजे मास्टरवर तो बांधल्याची वेळ, सेकंदांत. बोर्डावरचा सेल मेला आणि लाइट गेल्यावर मास्टर जुन्या तारखेवर उठला, तर नव्या मॅपचा नंबर जुन्यापेक्षा लहान भरतो. स्लेव्ह म्हणतो, माझ्याकडचा ताजा आहे, नको मला. तारीख आधी बघा. अडलंच तर स्लेव्हवर वायपीएक्सएफआर (मास्टरकडून मॅप ओढून आणणारी कमांड) जबरदस्तीच्या पर्यायाने चालवा.

सगळे स्लेव्ह चालू आहेत ना? बंद असलेल्यासाठी वायपीपुश परत येत नाही. उत्तराची वाट तो 90 सेकंद बघतो आणि पुढच्याकडे जातो. फायरवॉल असेल तर परतीची वाटही मोकळी हवी, स्लेव्हकडून पोच मास्टरकडे उलटी येते. अगदी नवा मॅप, समजा ऑटोमाउंटचा, पहिल्यांदा प्रत्येक स्लेव्हवर जाऊन हाताने ओढून घ्यावा.

स्लेव्हवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) दर तासाचं आणि रोजचं ओढण्याचं स्क्रिप्ट लावा, पण त्याच्या जिवावर यादी विसरू नका. क्रॉन ही चूक झाकतो. पासवर्ड तासाभरात येतात, ग्रुप दुसऱ्या दिवशी, आणि तुम्हाला वाटतं पुश नीट चाललाय. हो, पुन्हा वायपीसर्व्हर्सच. हॉस्टेलचं नाव आहे का त्यात? बघा.

मग मेक. वायपीपुश एरवी पडद्यावर फक्त चुकाच छापतो; ‘-v’ पर्यायाने चालवला तर पुशच्या ओळी येतात, त्यात प्रत्येक स्लेव्हचं नाव दिसायला हवं. नाही दिसलं तर थांबा.

तपासणी: वायपीपोलने एकेका सर्व्हरला पासवर्डच्या मॅपचा ऑर्डर नंबर विचारा, सगळीकडे एकच हवा. एका नव्या खात्याचं वायपीमॅच मारा, म्हणजे मॅपमध्ये ते सापडतं का ते कळेल. एक लॉगिन हॉस्टेलच्या मशिनवरून, स्वतः जाऊन.

पासवर्ड बदलण्याची सेवा परत सुरू. फाइलींच्या कॉप्या सगळ्यांना वाचता येतील अशा जागी टाकून निघू नका, त्यात शॅडो आहे.