कॅनडाच्या स्पाउस व्हिसाची मेडिकल: दीर्घकालीन आजार असल्यास तयारी कशी करावी

घरात मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असला की नाशिकमध्ये पहिला सल्ला ठरलेला मिळतो, "आजार सांगूच नका." हा सल्ला देणाऱ्याने कॅनडाचा कायदा वाचलेला नसतो. आरोग्यसेवेवर अवाजवी भार पडेल या कारणावरून अर्ज नाकारण्याची तरतूद तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे, पण स्पॉन्सर केलेल्या पती-पत्नीला त्याच कलमाने त्यातून वगळले आहे. सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका, उदाहरणार्थ उपचार न घेतलेला सक्रिय क्षयरोग, हे कारण मात्र त्यांनाही लागू होते. उलट माहिती दडवल्याचे सिद्ध झाले, तर कलम ४० नुसार पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणजे मधुमेहाने अडणार नसलेले काम लपवाछपवीने अडते.

वैद्यकीय तपासणी करून घ्या असे कळवणारे कॅनडा सरकारचे सूचनापत्र आल्यावर ३० दिवसांच्या आत ती करून घ्यावी. ती फक्त कॅनडा सरकारच्या यादीतील पॅनेल डॉक्टरकडेच होते. आपल्या फॅमिली डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट तिथे चालत नाही.

आता खऱ्या अडचणीची पायरी, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र. माझ्या भावजयीच्या वेळी मी इथेच चुकलो. तिला नऊ वर्षांपासून मधुमेह होता. आमच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: मधुमेह आहे, औषधे सुरू आहेत, प्रवासास हरकत नाही. मुंबईच्या पॅनेल डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला आणि विचारले, "मूत्रपिंडाचे रिपोर्ट कुठे आहेत?" आमच्याकडे काहीच नव्हते. पुढे जादा तपासण्यांची मागणी आली, मुंबईच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि फाइल कित्येक आठवडे जागची हलली नाही.

तेव्हापासून मी ज्या ज्या घरांना मदत केली, त्यांच्याकडून पत्रात पुढील गोष्टी लिहून घेतल्याच: निदान कोणत्या वर्षी झाले, सध्याच्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा, रुग्णालयात दाखल व्हावे लागले असल्यास केव्हा व कशासाठी, डोळे, हृदय आणि मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे की नाही, आणि आजार आज आटोक्यात आहे का. पत्र लेटरहेडवर, टाइप केलेले, इंग्रजीत असावे आणि त्यावर सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असावा. मधुमेह असेल तर अलीकडचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), आणि मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिनचे रिपोर्ट सोबत जोडावेत. गर्दीच्या ओपीडीत उभ्या उभ्या असे पत्र मागितले, तर पुन्हा त्या दोन ओळीच हाती पडतील. म्हणून मुद्दे कागदावर लिहून आदल्या दिवशी रिसेप्शनवर द्यावेत आणि पत्रासाठी वेगळी वेळ मागावी. डॉक्टर नाराज होतील या संकोचाने मीही एकदा गप्प बसलो होतो, तसे कोणी बसू नये.

एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी सुरू असेल, तर रक्तातली साखर उत्तम असूनही लघवीत साखर दिसते, कारण ती गोळी कामच तसे करते. पत्रात गोळीचे नाव असेल तर पॅनेल डॉक्टरांना ते लगेच कळते. रिपोर्ट "स्वच्छ" यावा म्हणून चार दिवस गोळ्या बंद ठेवण्याचा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो धोकादायक आहे. रक्तदाबाची गोळी चुकवून गेलेल्या माणसाचा दाब तपासणीच्या खोलीत चढलेलाच सापडतो आणि तीच नोंद कॅनडाला जाते. मासिक पाळीच्या दिवसांत लघवीत रक्त दिसू शकते, म्हणून शक्य असल्यास ती तारीख टाळावी.

मुंबईला शक्यतो आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी पोहोचता येते, पण पहाटेपासून उपाशी आणि इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर कसाऱ्याच्या आसपासच उतरू शकते. उपाशी यायचे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारावे, स्वतःच्या मनाने उपास धरू नये.

पासपोर्ट, सूचनापत्र, चष्मा आणि औषधे मूळ पाकिटांसह न्यावीत. निर्णय पॅनेल डॉक्टर देत नाहीत, ते फक्त अहवाल पाठवतात. त्यामुळे "आम्ही पास झालो का?" हे त्यांना विचारून उपयोग नाही. जादा तपासणीचे पत्र आले, तर त्यातली मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावी. अहवाल साधारणपणे १२ महिने ग्राह्य धरला जातो, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ती तारीख एकदा पाहून घ्यावी.